जुना लॅपटॉप सुरू होताना एरर येतोय आणि सीडी ड्राइव्हही बंद? 'फॉरमॅट मारा' म्हणण्याआधी हे वाचा

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून हमखास एक काळी बॅग खाली येते. आत २०१०-११ च्या आसपास घेतलेला लॅपटॉप, त्याचा जाडजूड चार्जर आणि कप्प्यात दोन-तीन सीड्या. मग कोणाला तरी आठवतं, मुलीच्या बारशाचे फोटो यातच होते, आजोबांचा शेवटचा वाढदिवसही यातच होता. तेव्हा फोटो आपोआप फोनवरून कुठेतरी साठवले जात नव्हते. कॅमेऱ्यातून लॅपटॉपमध्ये टाकले की विषय संपला.

चार्जर लावून बटण दाबलं जातं. पंखा फिरतो, कंपनीचं नाव दिसतं आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ येऊन थांबते. 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड.' किंवा 'बूट मॅनेजर इज मिसिंग.' लॅपटॉपसोबत आलेली रिकव्हरी सीडी घालून बघावी म्हटलं तर ड्राइव्हचा ट्रे उघडत नाही, उघडला तर सीडी नुसती गरगरते. मग लॅपटॉप कोपऱ्यावरच्या दुकानात जातो आणि तिथे दोन मिनिटांत निकाल लागतो, 'फॉरमॅट मारावा लागेल.'

हा सल्ला यंत्रासाठी ठीक असेलही, पण फोटोंसाठी तो जवळपास फाशीची शिक्षा आहे. आणि बऱ्याचदा त्याची गरजही नसते.

बटण दाबल्यावर आत काय होतं?

एरर समजून घ्यायचा तर लॅपटॉप कोणत्या क्रमाने जागा होतो हे माहीत हवं. विंडोज ही फार उशिरा येणारी पाहुणी आहे. तिच्याआधी मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बसलेला बायोस नावाचा छोटा प्रोग्राम उठतो. तो प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड, डिस्प्ले जागेवर आहेत का हे तपासतो. मग त्याच्याकडच्या यादीप्रमाणे सीडी ड्राइव्ह, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, नेटवर्क अशी एकेक दारं ठोठावत जातो. ज्या दारामागे सुरू होण्याजोगं काही सापडेल तिथे तो कारभार सोपवतो. जुन्या पद्धतीत हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये पुढचा पत्ता लिहिलेला असतो. त्या पत्त्यावरून विंडोजचा बूट मॅनेजर, आणि त्यानंतर कुठे विंडोजचा लोगो.

म्हणून गाडी नेमकी कुठे अडली हे बघणं हेच अर्धं निदान आहे. दिवाच लागत नसेल तर भानगड चार्जर, बॅटरी किंवा पॉवरच्या सर्किटची. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच, तर बहुधा रॅम किंवा डिस्प्ले. कंपनीचं नाव येऊन काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली तर डिस्क किंवा बूटची यादी. आणि विंडोजचा लोगो दिसून मग निळा पडदा आला, तर विंडोजच्या फायली, एखादा ड्रायव्हर, किंवा पुन्हा डिस्कच.

पडदा पूर्ण काळा असेल तर एक साधी गोष्ट करून बघता येते. अंधारात मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारायचा. फिकट अक्षरं दिसली तर लॅपटॉप चालू आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. मागच्या निळ्या व्हीजीए पोर्टला एखादा मॉनिटर जोडला की काम भागतं. काहीच दिसत नसेल तर चार्जर काढून, बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेला विद्युतभार निघून जातो. मग बॅटरीशिवाय फक्त चार्जरवर सुरू करून बघायचं. तरीही नाही तर रॅमची पट्टी काढून पुन्हा नीट बसवायची. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या लॅपटॉपच्या रॅमच्या सोनेरी दातांवर थर चढतो. दुरुस्तीवाले तो खोडरबराने हलक्या हाताने पुसतात. हा उपाय दिसायला शाळकरी वाटतो, पण अनेकदा लागू पडतो.

त्याआधी एक नजर बॅटरीकडे. खालचं झाकण फुगलेलं दिसलं, टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगला, तर बॅटरी फुगली आहे. ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. काढता येत असेल तर काढून बाजूला ठेवावी, आत बंदिस्त असेल तर थेट दुरुस्तीवाल्याकडे. या एका बाबतीत घरगुती प्रयोग नकोत.

त्या पांढऱ्या ओळी काय सांगतात?

बूटच्या संदेशांची भाषा रुक्ष असते, पण खोटी नसते. फक्त ती ज्या शब्दांत बोलते त्यामुळे माणूस भलतीकडे जातो.

'रिमूव्ह डिस्क्स ऑर ऑदर मीडिया' हा त्यातला सर्वात निरुपद्रवी. बायोसने दार ठोठावलं आणि तिथे एखादा साधा पेन ड्राइव्ह सापडला, ज्यात सुरू होण्याजोगं काहीच नाही. तो काढला की झालं. कार्ड रीडरमध्ये विसरलेलं कॅमेऱ्याचं मेमरी कार्डही असला घोटाळा करू शकतं.

'पीएक्सई ई६१, मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल' हा सर्वात फसवा. लोक चार्जरची केबल तपासतात, काही जण लॅपटॉप उघडून हार्ड डिस्कची केबल शोधतात. खरं तर इथे केबल म्हणजे इंटरनेटची, भिंतीतून येणारी केबल. बायोसला हार्ड डिस्कवर काही सापडलं नाही, म्हणून यादीतला शेवटचा पर्याय म्हणून त्याने नेटवर्कवरून सुरू व्हायचा प्रयत्न केला आणि तिथेही तार जोडलेली नव्हती. म्हणजे या ओळीचा खरा अर्थ इतकाच, की हार्ड डिस्क दिसत नाही किंवा वाचता येत नाही.

'एनटीएलडीआर इज मिसिंग' हा एक्सपीचा, तर 'बूट मॅनेजर इज मिसिंग' हा व्हिस्टा आणि विंडोज ७ पासूनचा संदेश. डिस्क दिसते आहे, पण विंडोजला उठवणारी फाइल सापडत नाही किंवा बिघडली आहे. इथे फोटो बहुतेक वेळा जसेच्या तसे असतात. घराच्या दाराचं कुलूप बिघडलं म्हणून आतलं सामान जात नाही.

'अ डिस्क रीड एरर ऑकर्ड' आणि 'स्मार्ट' हा शब्द असलेला कुठलाही संदेश मात्र गांभीर्याने घ्यायचा. 'स्मार्ट' म्हणजे हार्ड डिस्कची स्वतःवर नजर ठेवायची व्यवस्था. किती जागा खराब झाल्या, किती वेळा वाचन चुकलं याची ती नोंद ठेवते आणि प्रमाण वाढलं की इशारा देते. एचपीच्या अनेक लॅपटॉपवर तो ३०१ या आकड्यासह येतो. खाली 'पुढे जाण्यासाठी एंटर दाबा' वगैरे लिहिलेलं असतं आणि दाबल्यावर विंडोज सुरूही होते, म्हणून लोक महिनोन्‌महिने रोज ते बटण दाबत राहतात. ही डिस्क जाणार, कधी हे कोणी सांगू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एका बटण सेलमुळे निळा पडदा

जुन्या लॅपटॉपच्या गोंधळात एक पात्र नेहमी दुर्लक्षित राहतं. मदरबोर्डवरचा गोल, चपटा, घड्याळात असतो तसा सेल. त्याचं नाव सीआर२०३२, व्होल्टेज ३. लॅपटॉप बंद असताना तारीख-वेळ चालू ठेवणं आणि बायोसची सेटिंग लक्षात ठेवणं ही त्याची कामं. दहा-बारा वर्षांत तो संपतो. मग सुरू करताना 'सीएमओएस चेकसम एरर' किंवा 'डेट अँड टाइम नॉट सेट' असं काहीतरी येतं आणि एफ१ दाबायला सांगितलं जातं.

तारीख मागे गेल्याचे परिणाम गमतीदार असतात. लॅपटॉप स्वतःला २००९ मध्ये समजत असतो, आणि वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावरची तारीख त्याच्या दृष्टीने भविष्यातली असते. त्यामुळे ब्राउझर प्रत्येक साइट धोकादायक ठरवतो. माणूस व्हायरस शोधत बसतो, आणि दोष असतो घड्याळाचा.

पण यातून एक मोठी भानगडही होऊ शकते. सेल संपला की बायोस आपल्या मूळ सेटिंगवर परत जातो. त्यात हार्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं हेही एक सेटिंग असतं, आयडीई किंवा एएचसीआय. विंडोज बसवताना ते आयडीईवर असेल आणि आता ते आपोआप एएचसीआयवर गेलं असेल, तर विंडोज ७ लोगोपर्यंत येते आणि निळा पडदा दाखवून परत फिरते. त्या पडद्यावरच्या लांबलचक कोडच्या शेवटी ७बी असतं. नाव, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. इथे डिस्क ठणठणीत असते, विंडोज ठणठणीत असते, फोटोही. बायोसमध्ये जाऊन ते एक सेटिंग पूर्वीसारखं केलं की लॅपटॉप मुकाट सुरू होतो. या एररवर फॉरमॅट मारलेल्या लॅपटॉपांची गणती कोणी केली असती तर वाईट वाटलं असतं.

बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सेल बदलणं काही मॉडेलमध्ये एका झाकणाचं काम असतं, काहींत पूर्ण तळ उघडावा लागतो. अनेक लॅपटॉपमध्ये हा सेल काळ्या किंवा पिवळ्या आवरणात, दोन तारांच्या छोट्या जोडणीसह येतो. तिथे साधा सेल नुसता खोचून चालत नाही, तसाच तारवाला आणावा लागतो.

आधी फोटो, मग दुरुस्ती

डिस्क खराब असल्याची शंका असेल तर कामाचा क्रम उलटा करावा लागतो. आधी लॅपटॉप दुरुस्त करू, मग फोटो काढू, असं न करता आधी फोटो काढायचे.

कारण जुनी हार्ड डिस्क हे फिरतं यंत्र आहे. लॅपटॉपमधल्या तबकड्या साधारण मिनिटाला ५४०० फेऱ्या घेतात आणि त्यांच्यावरून वाचणारं डोकं केसाच्या जाडीच्याही किती तरी पट कमी अंतरावरून तरंगत जातं. ठराविक अंतराने 'टिक... टिक...' असा आवाज येत असेल तर डोक्याला आपली जागा सापडत नाही आणि ते पुन्हा पुन्हा धडपडतं आहे. अशा वेळी लॅपटॉप लगेच बंद करावा. 'अजून एकदा सुरू करून बघू' हे त्या डिस्कसाठी सर्वात वाईट वाक्य आहे. आतला मजकूर खरोखर मोलाचा असेल तर पुढचं काम डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेचं. ते महाग असतं, पण फोटो एकुलते एक असतील तर निर्णय घराने घ्यायचा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला इंटरनेटवर अजूनही फिरतो, तो ऐकू नये. बाहेर काढल्यावर आत दव साचतं आणि उरलंसुरलंही जातं.

आवाज नसेल, डिस्क दिसत असेल, तरीही विंडोजची 'चेक डिस्क' किंवा 'स्टार्टअप रिपेअर' पुन्हा पुन्हा चालवू नये. चेक डिस्क फायलींची व्यवस्था सुधारते, पण ते करताना डिस्कवर लिहिते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवते. कॉपी झाल्यानंतर ती खुशाल चालवावी.

कॉपी करायचे दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे हार्ड डिस्क बाहेर काढणं. बहुतेक जुन्या लॅपटॉपच्या तळाला एक झाकण असतं, दोन-तीन स्क्रू काढले की अडीच इंची डिस्क सरकवून निघते. साटा ते यूएसबी अशी केबल किंवा छोटी केस बाजारात सहज मिळते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली यांसाठीच तर आहे. त्या केबलने डिस्क दुसऱ्या संगणकाला पेन ड्राइव्हसारखी जोडायची. जोडल्यावर विंडोजने 'ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करा' असं विचारलं तर 'कॅन्सल' दाबायचं. हा प्रश्न ती अगदी सहज, चहा घेणार का या सुरात विचारते. फोल्डर उघडायला परवानगी नाही म्हणाली तर 'कंटिन्यू' दाबून थोडं थांबायचं. फारच जुना लॅपटॉप असेल, साधारण २००६ च्या आधीचा, तर डिस्क साटा नसून आयडीई प्रकारची, दोन ओळींत बारीक पिना असलेली निघू शकते. तिची केबल वेगळी. विंडोज ८ नंतरच्या काही लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते, तिथे मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली रिकव्हरी की लागते.

दुसरा रस्ता स्क्रू ड्रायव्हर न उचलता जाणारा, आणि मेलेल्या सीडी ड्राइव्हला वळसा घालणारा.

सीडीचं काम पेन ड्राइव्हवर

रिकव्हरी सीडी नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. बायोसला सीडीशी प्रेम नसतं. त्याला फक्त सुरू होण्याजोगं काहीतरी हवं असतं, ते पेन ड्राइव्हवरही देता येतं.

त्यासाठी दुसऱ्या चालू संगणकावर लिनक्स मिंटसारख्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल उतरवायची आणि रुफस नावाच्या मोफत प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहायची. या क्रियेत पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी तो रिकामा आहे ना हे बघावं. रुफसमध्ये जुन्या लॅपटॉपसाठी 'एमबीआर' हा पर्याय निवडायचा. लॅपटॉपची रॅम २ जीबी किंवा जास्त असेल तर मिंट चालतं. रॅम त्याहून कमी असेल किंवा जुन्या छोट्या नेटबुकांसारखा ३२ बिटचा प्रोसेसर असेल, तर अँटीएक्स ही हलकी आवृत्ती बरी.

मग लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावून सुरू करताना बूट मेन्यूचं बटण दाबत राहायचं. डेल आणि लेनोवोमध्ये ते बहुधा एफ१२, एचपीमध्ये एस्केप आणि मग एफ९, आसुसमध्ये एस्केप. एसरमध्ये एफ१२ असतं, पण ते आधी बायोसमधून चालू करावं लागतं. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की काही मिनिटांत लिनक्सचा पडदा समोर येतो. हे सगळं रॅममध्ये चालतं, हार्ड डिस्कवर काहीही बसत नाही. 'इन्स्टॉल' लिहिलेल्या चिन्हाला हात लावायचा नाही, एवढंच पथ्य. फायलींच्या खिडकीत जुनी सी आणि डी ड्राइव्ह दिसतात. बाहेरची हार्ड डिस्क जोडायची आणि कॉपी सुरू.

काय आधी घ्यायचं यालाही महत्त्व आहे. डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून आधी फोटो आणि कागदपत्रं, सिनेमे आणि गाणी सर्वात शेवटी. विंडोज ७ मध्ये हे सगळं 'यूजर्स' फोल्डरमध्ये, एक्सपीत 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये असतं. डेस्कटॉप हाही तिथलाच एक फोल्डर आहे, आणि आपल्याकडे निम्मं आयुष्य डेस्कटॉपवरच साठवलेलं असतं. दुकानदारांनी टॅलीचा डेटा फोल्डर विसरू नये. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर हटून बसू नये, ती सोडून पुढे जावं. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू नावाचं साधन याच तत्त्वावर चालतं. आधी चांगला भाग झपाट्याने उचलायचा, मग वेळ उरला तर खराब जागांशी झटायचं.

मराठी घरांसाठी इथे एक खास गोष्ट. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडचं टायपिंग श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये आणि त्यांच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये व्हायचं. त्या फायली आज दुसऱ्या संगणकावर उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. लोकांना वाटतं फाइल बिघडली. बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. म्हणून डॉक्युमेंट्ससोबत 'विंडोज' फोल्डरमधला 'फॉन्ट्स' फोल्डरही उचलावा. लॅपटॉप अजून कसाबसा सुरू होत असेल तर महत्त्वाच्या मजकुराच्या तिथल्या तिथे पीडीएफ करून घ्याव्यात. कारण ही सॉफ्टवेअर सीडीवरून बसवायची होती, काहींना सोबत डाँगलही लागायचं, आणि ते सगळं पुन्हा जमवणं कठीण. एखाद्या मासिकाचे जुने अंक, वडिलांची आत्मकथा, सोसायटीची इतिवृत्तं, असल्या कितीतरी गोष्टी या एका फॉन्टपायी अडकून पडतात.

आणि तो सीडी ड्राइव्ह?

आधी हे तपासायचं की तो खरंच बिघडला आहे का. विंडोज १० मध्ये डीव्हीडी सिनेमा चालवायची सोय मुळातच दिलेली नव्हती. डिस्क घातली, काही झालं नाही, म्हणून ड्राइव्ह मेला असं ठरवलं जातं. व्हीएलसी प्लेअर बसवला की तीच डिस्क चालते. दुसरा प्रकार म्हणजे 'माय कॉम्प्युटर'मधून ड्राइव्ह अचानक गायब होणं. एखादं सीडी रायटिंगचं सॉफ्टवेअर बसवल्या-काढल्यानंतर विंडोजच्या रजिस्ट्रीत 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' नावाच्या नोंदी अर्धवट राहतात आणि ड्राइव्ह झाकला जातो. बायोसमध्ये किंवा लिनक्समध्ये ड्राइव्ह दिसत असेल आणि फक्त विंडोजमध्ये नसेल, तर संशय या नोंदींवर. त्या काढणं जाणकाराकडूनच करून घ्यावं, रजिस्ट्रीत चुकीचा हात लागला तर नवी कटकट.

ट्रे उघडत नसेल तर लॅपटॉप बंद करून ड्राइव्हच्या पुढच्या बाजूचं सुईएवढं भोक शोधायचं. सरळ केलेली कागदाची क्लिप त्यात हळूच दाबली की खटका सुटतो आणि ट्रे बाहेर येतो. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे स्प्रिंगवर असतो, बाकीचा हाताने ओढायचा. मग ट्रेवरच छोटी गोल भिंग दिसते. तिच्यावर धूळ बसली असेल तर इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा नुसता ओलावा लावून अलगद फिरवायचा. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, त्यातल्या ॲसिटोनने प्लॅस्टिकची भिंग कायमची धुरकट होते.

एक लक्षण लोकांना चक्रावून टाकतं. सीडी चालते, डीव्हीडी चालत नाही, किंवा उलट. त्याचं कारण साधं आहे. दोन्हींसाठी वेगवेगळे लेझर असतात. सीडी ७८० नॅनोमीटरच्या, डोळ्याला जवळपास न दिसणाऱ्या प्रकाशाने वाचली जाते, डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाने. एक लेझर म्हातारा झाला तरी दुसरा तरुण राहू शकतो. त्यामुळे फक्त सीडी चालत असेल तर भिंग पुसून फार फरक पडेलच असं नाही.

दोष कधी डिस्कचाही असतो. लोक खालची चकचकीत बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने 'ताईचं लग्न, भाग २' असं लिहितात. सीडीत मजकुराचा थर नेमका वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वरचा ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसावं, गोल गोल नाही. आणि घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हाने आणि काळाने विरत जातो. लग्नाची डीव्हीडी अजून चालते आहे तोवर तिच्यातला 'व्हिडिओ टीएस' फोल्डर उचलून ठेवावा. त्यातल्या डॉट व्हीओबी फायली व्हीएलसीमध्ये थेट चालतात.

इतकं करूनही ड्राइव्ह मेलेलाच निघाला, तर तो काढून टाकणं फारसं कठीण नसतं. अनेक लॅपटॉपमध्ये तळाला एकच स्क्रू त्याला धरून ठेवतो, काही वेळा त्याच्याजवळ डिस्कचं चित्रही कोरलेलं असतं. स्क्रू काढला की ड्राइव्ह बाजूने सरकवून निघतो. आणि इथे कधी कधी मूळ कोड्याचाही उलगडा होतो. बिघडलेला ड्राइव्ह बायोसच्या यादीत पहिला असेल, तर प्रत्येक वेळी बायोस त्याचं दार ठोठावत थांबतो, आणि कंपनीच्या नावावरच पडदा अडकतो. ड्राइव्ह काढल्यावर लॅपटॉप पहिल्या झटक्यात सुरू झाला, तर दोन दुखण्यांचं कारण एकच होतं.

बदली ड्राइव्ह घेताना जाडी मोजावी, १२.७ मिलिमीटर किंवा ९.५ मिलिमीटर. पुढची प्लॅस्टिकची पट्टी जुन्यावरून काढून नव्याला लावता येते. पण वर्षातून दोनदा डिस्क बघायची असेल तर बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह जास्त शहाणपणाचा, तो पुढच्या लॅपटॉपलाही चालतो. जुन्या यूएसबी पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच्या आसपासच वीज मिळते आणि डिस्क फिरवायला ती अपुरी पडू शकते. म्हणून दोन पिनांची केबल असलेला मॉडेल घ्यावा आणि दोन्ही पिना लावाव्यात.

रिकाम्या झालेल्या जागेचा सर्वात चांगला उपयोग वेगळाच आहे. त्या मापाची कॅडी नावाची चौकट मिळते, तिच्यात जुनी हार्ड डिस्क बसवायची आणि हार्ड डिस्कच्या मूळ जागी एसएसडी. उलटं करू नये, कारण सीडीच्या जोडणीचा वेग बऱ्याच मॉडेलमध्ये कमी असतो आणि काही बायोस तिथून सुरू व्हायला नकार देतात. अर्थात हा खेळ जुनी डिस्क निरोगी असेल तरच. स्मार्टचा इशारा आलेली डिस्क कॅडीत बसवणं म्हणजे गळक्या टाकीला नवा नळ लावणं.

पुन्हा विंडोज टाकायची का?

फोटो सुखरूप बाहेर आल्यावर हा प्रश्न मोकळेपणाने विचारता येतो. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, ती २०१०-११ च्या लॅपटॉपमध्ये नसते. गूगल क्रोमनेही २०२३ पासून विंडोज ७ ला नव्या आवृत्त्या देणं बंद केलं. तेव्हा बँकेचे व्यवहार आणि यूपीआयशी संबंधित काही या लॅपटॉपच्या जुन्या विंडोजवर करू नये. इंटरनेटला न जोडता जुनी टॅली, जुनी श्रीलिपी, जुने खेळ यासाठी विंडोज ७ ठीक. रोजच्या वापरासाठी एसएसडी आणि लिनक्स ही जोडी असल्या यंत्राला बरीच वर्षं ढकलते. विंडोज ७ च टाकायची असेल तर लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवरच्या प्रॉडक्ट कीचा आधी फोटो काढावा. घामाने आणि घासून ती अक्षरं पुसट होतात आणि २५ अक्षरांपैकी एक चुकलं तरी उपयोग नाही.

दुकानात द्यायचाच असेल तर पावतीवर 'डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' हे वाक्य लिहून घ्यावं. तोंडी सांगितलेलं मालकाला कळतं, पण टेबलावरच्या मुलापर्यंत पोचतंच असं नाही. डिस्क बदलली तर जुनी डिस्क परत मागावी. त्यात फोटोंबरोबर ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्डही असतात. ती घरी आणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घालावी, वर नाव आणि तारीख लिहावी, आणि नव्या ठिकाणी कॉपी केलेले फोटो एकेक फोल्डर उघडून प्रत्यक्ष दिसतात हे बघेपर्यंत ती भंगारात देऊ नये.